विहिरीतून निघालेली गार कोणाची?

॥ श्री गुरवे नमः ॥

 

या वेळचा लेख जरा लांब झाला आहे. स्वयंपाक आटोपल्यावर, निवांत वाचावा. आम्ही सेविकांनी तो मिळून तयार केला आहे, कारण ज्या प्रश्नावर आपल्या चार-पाच कौटुंबिक गटांमध्ये महिनाभर चर्चा चालली, त्याचं उत्तर एका ओळीच्या मेसेजमध्ये बसत नव्हतं.

झालं असं. बेला मंडलातल्या आपल्या एका साधक कुटुंबाच्या वावरात विहिरीचं काम चालू होतं. काळी माती संपली, मुरूम संपला, मग पाषाण लागला. तीसेक फुटांवर सुरुंग उडवला आणि मलबा वर काढताना खोदकामाच्या टोळीतल्या एका पोराला दगडात पोकळी दिसली. आत हात घातला तर बोटाला टोचलं. बॅटरी मारून पाहिलं तर आतून सगळी पोकळी पांढऱ्या टोकदार गारांनी भरलेली, आणि मधे मधे फिकट गुलाबी, मोत्यासारखी झाक असलेले झुबके, गव्हाच्या पेंढीसारखे मधे आवळलेले आणि दोन्हीकडे पसरलेले. पोराने पहारीने हळूहळू सुटे करून सात-आठ तुकडे घमेल्यातून वर पाठवले. फोटो गटात आला आणि मग काय विचारता!

एका काकूंनी लिहिलं, भूमातेचा प्रसाद आहे, सत्संग भवनात ठेवा. एका दादांनी लिहिलं, विकून टाका आणि विहिरीचं कर्ज फेडा. एका आजोबांनी लिहिलं, दगड तो दगड, मोह नको, होता तिथे टाकून द्या. कुणाच्या तरी ओळखीने एका व्यापाऱ्याचा फोनही आला. हे सगळं ठीक होतं. पण तीन दिवसांनी दुसरा मेसेज आला की सगळ्यात मोठा तुकडा दिसत नाही आणि टोळी काम संपवून पुढच्या गावी गेली आहे. त्याखाली लगेच चार जणांनी लिहिलं: त्यांनीच नेला असणार.

आम्ही तिथे थांबलो. हा लेख त्या चार मेसेजांमुळे लिहिला आहे, गारांच्या फोटोमुळे नव्हे.

आधी त्या गारा काय होत्या ते सांगतो. आमच्यातल्या एका ताईंचा भाचा भूगर्भशास्त्र शिकतो. त्याने फोटो पाहून सांगितलं की पांढरे टोकदार ते क्वार्ट्झ, म्हणजे आपली साधी गारगोटी, स्फटिक. आणि पेंढीसारखे झुबके स्टिल्बाइटचे दिसतात. हे झिओलाइट नावाच्या खनिजांच्या घराण्यातलं. आपल्याकडचा काळा पाषाण हा थंड झालेला लाव्हा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून थरावर थर लाव्हा वाहिला, त्याचंच दख्खनचं पठार झालं. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो दगड पसरलेला आहे आणि आपला आदिलाबाद त्याच्या पूर्वेच्या काठाजवळ येतो. काठावर असल्यामुळेच आपल्याकडे एका बाजूला कापसाची काळी माती, दुसऱ्या बाजूला पैनगंगेकाठचा चुनखडक (ज्याच्या भरवशावर गावात सिमेंटची फॅक्टरी आली आणि पुढे बंदही पडली), आणि मंचेरियालकडे कोळसा, असा सगळा मेळा आहे.

लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, जसे भाकरीच्या पिठात नाही पण ढोकळ्यात अडकतात. ते बुडबुडे म्हणजे या पोकळ्या. पुढे दगडातून झिरपणारं कोमट-गरम पाणी स्वतःबरोबर विरघळलेली द्रव्यं घेऊन आलं आणि पोकळीच्या भिंतीवर कणाकणाने ठेवत गेलं. कुणी पाहत नव्हतं, कुणी वाट पाहत नव्हतं. पूर्ण अंधारात, इतके नेमके कोन आणि इतकी सरळ पैलू! आम्हां बायकांना रांगोळीची एक सरळ रेघ ओढताना श्वास रोखावा लागतो, म्हणून याचं जास्त नवल वाटलं.

झिओलाइट हे नाव 1756 साली क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने दिलं. दगड तापवला तर त्यातून वाफ निघून तो उकळल्यासारखा दिसला, म्हणून ग्रीक भाषेत ‘उकळणारा दगड’. या खनिजांच्या आत अतिसूक्ष्म भोकं असतात, चाळणीसारखी, त्यांत पाणी राहतं. ही चाळणी साधीसुधी नाही. 2021 च्या कोरोनाच्या लाटेत ज्या घरांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणले, त्या मशीनच्या पोटात झिओलाइटचेच दाणे असतात. कारखान्यात बनवलेले, पण घराणं तेच. हवेतला नायट्रोजन ते धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतात. आपल्या परिवारातल्या काहींचे श्वास त्या दिवसांत या दगडाने चालू ठेवले, हे आम्हांला हा लेख लिहिताना कळलं.

महाराष्ट्राच्या दगडात या खनिजांची जी श्रीमंती आहे, तशी जगात फार थोड्या ठिकाणी आहे. जळगाव, नाशिक, पुणे, नगर जिल्ह्यातलं राहुरी. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींमध्ये कॅव्हनसाइट नावाचं गडद निळं खनिज मिळालं. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तिघांच्या नावांच्या सुरुवाती जोडून ते नाव केलं आहे. ते पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये ओळखलं गेलं, पण जगभरच्या संग्रहालयांत जे सुंदर नमुने दिसतात ते बहुतेक वाघोलीचे. पांढऱ्या झुबक्यावर निळा काटेरी गोळा, मोरपिसाच्या डोळ्यासारखा. हिरवं अपोफिलाइट पुण्याच्या पाषाणचं आणि नाशिककडचं. आणि एक आहे ओकेनाइट, ज्याचा फोटो आम्ही गटात टाकला तेव्हा सगळ्यांनी लिहिलं, अहो हा तर कापूस! खरंच बोंड फुटल्यासारखा पांढरा मऊ गोळा. पण तो कापूस नाही, दगडाचे केसासारखे बारीक तंतू आहेत. एकदा बोट लावलं की तंतू दबतात आणि परत उभे राहत नाहीत. आदिलाबादच्या माणसाला कापूस दिसला की हात लावून लांबी-मऊपणा बघायची सवय, त्यामुळे हा दगड आपल्याकडे टिकणं कठीणच!

नाशिकजवळ सिन्नरला, शिर्डीच्या वाटेवर, ‘गारगोटी’ नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. पूर्वी नौदलात असलेल्या के. सी. पांडे यांनी ते उभं केलं. आपल्यातल्या काही कुटुंबांनी शिर्डीला जाताना ते पाहिलं आहे. जमलं तर जरूर थांबा, मुलं हलत नाहीत तिथून.

आता प्रश्नाकडे. अशा वस्तू जमवणं हा मोह आहे का? आजोबांचं म्हणणं तसंच होतं, आणि आपल्या सत्संगात अपरिग्रहावर इतकं ऐकलेलं असताना ते पटकन पटतंही. पण आम्हांला वाटतं, या उत्तरात एक गोष्ट सुटते. विहिरीतला तो दगड ‘होता तिथे’ आता राहूच शकत नाही. सुरुंगाने पोकळी फुटली. मलबा क्रशरला जाणार, त्याची खडी होणार, ब्रासच्या भावाने विकली जाणार आणि सिमेंटमध्ये गाडली जाणार. दख्खनच्या खाणींमध्ये रोज हेच होतं. कोटी वर्षांचे किती पैलू आपल्या हायवेखाली आणि आपल्याच घरांच्या स्लॅबमध्ये पीठ होऊन पडले असतील त्याची गणती नाही. जे वाचले ते कुणीतरी हात आडवा घातला म्हणून. वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवणारा मजूर, चार पैसे देऊन घेणारा फिरता व्यापारी आणि ‘मला हवंय’ म्हणणारा दूर कुठला तरी संग्राहक, या तिघांच्या हावेने म्हणा, आवडीने म्हणा, ते वाचले. खंडाळ्याच्या घाटात 1856 ते 1863 मध्ये रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हाही अशाच पोकळ्या निघाल्या आणि तिथले नमुने विलायतेच्या संग्रहालयांत गेले. तेव्हा घाटात हजारो मजूर मेले. नमुन्याखालच्या चिठ्ठीवर जागेचं नाव असतं, मजुरांचं कुणाचंच नसतं.

म्हणजे जमवणं सरसकट वाईट, असं आम्ही म्हणणार नाही. हाव आणि जतन यांच्यातली रेघ वाटते तितकी सरळ नाही. जेम्स स्मिथसन नावाचा एक इंग्रज गृहस्थ होता, जन्मभर खनिजं जमवली. 1829 मध्ये वारला. पुढे त्याची संपत्ती ज्या अमेरिकेत तो कधी गेला नव्हता तिथे ज्ञानप्रसारासाठी पोचली आणि त्यातून स्मिथसोनियन ही मोठी संस्था झाली. त्याचे दगड? ते 1865 च्या आगीत गेले. दगड टिकेल आणि माणूस जाईल असं आपण धरून चालतो, इथे उलटंच झालं.

आपल्या जवळचं उदाहरण द्यायचं तर पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या यामनपल्ली गावाजवळ निघालेल्या डायनासोरच्या हाडांचं. त्या प्राण्याच्या नावातच गाव आहे, कोटासॉरस यामनपल्लीएन्सिस. सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात उभा आहे, तिकीट काढून कुणाचंही पोर त्याच्याखाली उभं राहू शकतं. हाडं गोळा केली म्हणून कुणाला दोष द्यावासा वाटत नाही ना? कारण ती कपाटात गेली नाहीत, आणि गावाचं नावही पुसलं नाही.

म्हणून आम्हांला वाटतं की ‘जमवावं की जमवू नये’ यापेक्षा ‘कसं आलं, कोणी काढलं, आणि कोणाला दिसतं’ हे विचारणं जास्त खरं आहे.

कोणाचं, हा प्रश्न पाहू. कायद्याच्या बाजूने बघितलं तर 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात सांगितलं की जमिनीखालच्या खनिजावरचा हक्क सर्वसाधारणपणे जमीनमालकाचा, कायद्याने तो काढून घेतला नसेल तर. खोदून विकायचं असेल तर सरकारचे नियम, परवाने वेगळे. तेव्हा कागदावर दगड शेतमालकाचा. यात वाद नाही.

पण टोळीशी ठेका काय झाला होता? फुटावर. इतके फूट खोदा, इतके पैसे घ्या. पोकळीतल्या गारा ना मालकाच्या डोक्यात होत्या ना ठेक्यात. पाषाण फोडणाऱ्याने घण घातला असता तर मालकाला कधी कळलंही नसतं की काही हरवलं. त्या पोराने घण बाजूला ठेवून बोटं घातली, पहारीच्या टोकाने सुटं केलं, अर्धा दिवस त्यात घालवला, आणि फुटाच्या भावात अर्धा दिवस म्हणजे त्याच्याच खिशातले पैसे. मग त्या गारांमध्ये त्याचा काहीच वाटा नाही असं म्हणताना जीभ अडखळायला हवी. एका वहिनींनी याला फार छान शब्द वापरला: शेतात गुप्तधन सापडलं तर मालकाचं म्हणतो, पण सापडवणाऱ्याला आपण ‘सापडवणावळ’ देतो की नाही? असा शब्द आहे की त्यांनी तिथल्या तिथे केला माहीत नाही, पण आम्हांला आवडला.

तरी समजा, त्याने न विचारता तुकडा नेलाच असेल तर ती चोरी की नाही? आमच्यात यावर एकमत झालं नाही आणि ते इथे तसंच लिहितो. काही जणींचं म्हणणं, न विचारता नेलं ती चोरीच, गरिबाने केली म्हणून तिला दुसरं नाव देऊ नये. तसं केलं तर आपण गरिबालाच कमी लेखतो, जणू त्याला धर्म-अधर्म कळत नाही. हे म्हणणं आम्हांला वजनदार वाटतं. काही जणींचं म्हणणं, ज्याला आपण मोबदला विचारलाच नाही त्याने आपला मोबदला स्वतः घेतला तर आधी आपण आरशात बघावं. हेही खोटं नाही.

पण एका गोष्टीवर एकमत झालं. त्याने नेला हे कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. मलब्याच्या ढिगाऱ्यात गेला असेल, ट्रॅक्टरमध्ये चढला असेल, शेजारच्या मुलांनी उचलला असेल, बघायला आलेल्या पंधरा-वीस लोकांपैकी कुणी. त्यांत आपले साधकही होते! तरी बोट कुणाकडे गेलं? जो गटात नाही, ज्याच्याकडे उत्तर द्यायला तो मेसेज पोचणारच नाही, त्याच्याकडे.

इथे आपल्या सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट आठवा. गणेश चतुर्थीला चंद्र पाहिला तर खोटा आळ येतो म्हणून आपण स्यमंतक मण्याची गोष्ट ऐकतो. मणी सत्राजिताचा, सूर्याने दिलेला, रोज आठ भार सोनं देणारा. कृष्णाने एकदा म्हटलं होतं, हा उग्रसेन राजाकडे दे. सत्राजिताने दिला नाही. पुढे त्याचा भाऊ प्रसेन मणी गळ्यात घालून शिकारीला गेला आणि परत आला नाही. झालं, सत्राजिताने गावभर केलं की कृष्णाला मणी हवा होता, त्यानेच घेतला. खरं काय होतं? प्रसेनाला सिंहाने मारलं, सिंहाला जांबवंताने, आणि मणी जांबवंताच्या गुहेत त्याच्या लेकराच्या पाळण्यापाशी खेळणं म्हणून! ज्या मण्यापायी द्वारकेत नाक्यानाक्यावर कुजबुज चालली होती, तो गुहेत एका बाळाचा खुळखुळा होता. कृष्णाने तो लढून परत आणला, सत्राजिताला दिला, आणि सत्राजिताने शरमेने परत द्यायला काढला तेव्हा घेतला नाही.

ही गोष्ट बहुतेक घरांत इथेच संपते. पण भागवतात पुढे आहे. सत्राजिताचा खून होतो, मणी फिरत फिरत अक्रूराकडे जातो आणि आता तर सख्खा भाऊ बलरामही कृष्णावर शंका घेतो. तेव्हा कृष्ण अक्रूराला बोलावतो आणि सांगतो की मणी तुझ्याकडे आहे हे ठाऊक आहे, तो तुझ्याकडेच राहू दे, फक्त एकदा सगळ्यांना दाखव. अक्रूर दाखवतो. कृष्ण मणी परत त्याच्याच हाती देतो. आम्ही इतकी वर्षं ही गोष्ट ऐकतो, पण हा शेवट या महिन्यातच नीट ध्यानात आला. जप्ती नाही, त्याग करायला लावलं नाही, मंदिरात ठेव म्हटलं नाही. दाखव आणि ठेव. मणी झाकलेला होता तोवर प्रत्येकजण प्रत्येकाकडे संशयाने बघत होता.

आता थोडं कडू लिहितो. आपल्या गळ्यातल्या आणि हातातल्या माळांबद्दल. स्फटिकाची माळ, हकीकची माळ आपल्यातल्या कित्येकांकडे आहे. हकीक म्हणजे अकीक, तोही याच दख्खनच्या दगडातून सुटलेला, गुजरातेत भरूचकडे खाणींतून निघतो आणि शतकानुशतकं खंबातला घासून त्याचे मणी होतात. तो घासताना जी बारीक गारेची धूळ उडते ती श्वासातून छातीत जाते आणि फुफ्फुसं घट्ट होत जातात. सिलिकोसिस म्हणतात. खंबातच्या कारागिरांमध्ये या रोगाची नोंद अनेक वर्षांपासून आहे आणि त्यावर गेलेलं फुफ्फुस परत आणणारं औषध नाही. आपण ज्या मण्यावर श्वासागणिक नाम घेतो, त्या मण्याने कुणाचा तरी श्वास घेतलेला असू शकतो. हे वाचून माळ काढून ठेवा असं आम्ही सांगत नाही. माळ टाकल्याने त्या कारागिराला दम मिळणार नाही. पण पुढच्या वेळी यात्रेत दुकानदाराशी दहा रुपयांसाठी घासाघीस करण्यापूर्वी हे डोळ्यांपुढे यावं. तुळशीची माळ काही कमी नाही, हेही जाता जाता.

दुसरं कडू. गारांचे फोटो फिरले तेव्हा गटात कुणीतरी एका दुकानाची जाहिरात पुढे पाठवली: अमुक रंगाचा क्रिस्टल साखरेसाठी, तमुक गुडघ्यांसाठी, किंमत काही हजार. आपल्या एका घरी गोळ्या बंद करून तो आणायचं चाललं होतं, वेळीच ताईंनी थांबवलं म्हणून बरं. या दगडांनी आजार बरा होतो याला पुरावा नाही, हे आम्ही स्पष्ट लिहितो. कुणाला वाईट वाटलं तरी चालेल. वर ऑक्सिजनच्या मशीनचं लिहिलं ते वेगळं, तिथे दगड काय करतो हे मोजून दाखवता येतं. आणि बाजारात फसवणूकही पुष्कळ. जांभळा अमेथिस्ट भट्टीत तापवून पिवळा करतात आणि सिट्रीन म्हणून विकतात. काचेचे मणी स्फटिक म्हणून खपतात. काचेत बऱ्याचदा बारीक गोल बुडबुडे दिसतात. स्फटिक काचेपेक्षा कठीण, त्याने काचेवर ओरखडा उठतो, पण कृपा करून देवघरातल्या काचेवर प्रयोग करू नका.

आता आजोबांच्या ‘टाकून द्या’कडे परत येऊ, कारण त्यांच्या मनात कोणती गोष्ट होती ते आम्हांला माहीत आहे. नामदेव महाराज आणि परिसाची. परिसा भागवतांकडे परीस होता. त्यांच्या पत्नीने, कमळजेने, नामदेवांच्या घरची उपासमार बघून तो गुपचूप राजाईला वापरायला दिला. नामदेवांना कळलं, त्यांनी तो चंद्रभागेत टाकला. परिसा भागवत संतापून आले, तेव्हा नामदेवांनी वाळवंटातून ओंजळभर खडे उचलले आणि ते सगळेच परीस निघाले. महिपतींच्या भक्तविजयात ही कथा आहे. प्रवचनात ती नेहमी नामदेवांच्या वैराग्यासाठी सांगतात, आणि ते योग्यच.

पण आम्ही बायका ती ऐकतो तेव्हा आमचं लक्ष राजाईकडेही जातं. चूल तिने पेटवायची होती. परीस तिने स्वतःसाठी मागितला नव्हता, एका शेजारणीने दुसरीची भूक ओळखून दिला होता. नदीत जे पडलं त्यात एका सोन्याच्या लोभाबरोबर दोन बायकांचा जिव्हाळाही होता. नामदेव महाराजांना वाळूतला प्रत्येक खडा परीस दिसत होता, म्हणून ते टाकू शकले. ते त्यांचं अधिकाराचं काम. ज्याला अजून वाळूत वाळूच दिसते आणि डोक्यावर विहिरीचं कर्ज आहे, त्याला ‘टाकून दे’ म्हणणं सोपं आहे, विशेषतः कर्ज आपलं नसेल तेव्हा. आजोबांबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. त्यांनीही हे वाचून ‘बरोबर आहे’ म्हटलं, पण हसत म्हणाले, तरी मी टाकलाच असता!

शेवटी एक गोष्ट, जी आम्हांला त्या भाच्याकडून कळली आणि सगळ्यात जास्त मनाला लागली. खनिजांचा संग्रह करणारे दगडाइतकंच, कधी कधी दगडापेक्षा जास्त, त्याच्या चिठ्ठीला जपतात. कोणतं खनिज, कोणत्या गावाजवळ, कोणत्या खाणीत, केव्हा मिळालं. चिठ्ठी हरवली की दगड कितीही देखणा असला तरी त्याची किंमत उतरते, अभ्यासाला तर तो जवळजवळ निरुपयोगी. कारण तो बोलत नाही, चिठ्ठी बोलते. आणि म्हणून काही विकणारे खोटं गाव लिहितात, नावाजलेल्या ठिकाणाचं, भाव चढावा म्हणून. खरं गाव लपवतात, दुसऱ्याने तिथे जाऊ नये म्हणून. म्हणजे लोभ दगडात कमी आणि चिठ्ठीत जास्त शिरतो. अमेरिकेत ट्यूसन गावी दर फेब्रुवारीत खनिजांचा मोठा बाजार भरतो, 1955 पासून. तिथपर्यंत आपल्या दख्खनच्या गारा जातात. त्यांच्याबरोबर जळगाव, नाशिक, वाघोली ही नावंही जातात, ही आनंदाची गोष्ट. पण वर लिहिलं तसं, ज्याच्या बोटांनी त्या शाबूत बाहेर आल्या त्याचं नाव लिहायला त्या चिठ्ठीत रकानाच नसतो.

त्या कुटुंबाने काय केलं ते सगळे विचारत आहेत म्हणून सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे. दोन तुकडे गावच्या मराठी शाळेला दिले, पुठ्ठ्याच्या खोक्यात कापूस घालून. एक घरी ठेवला, बैठकीत, देव्हाऱ्यात नाही. सत्संग भवनात ठेवायचा प्रस्ताव आम्ही सेविकांनीच नम्रपणे नाकारला. तिथे ठेवला असता तर आठ दिवसांत त्याला हळद-कुंकू लागून महिन्यात नवस सुरू झाले असते, आणि मग खालच्या चिठ्ठीवर काय लिहायचं! बाकीच्यांचं अजून ठरलेलं नाही. व्यापाऱ्याने सांगितलेला भाव कर्जाच्या मानाने किरकोळ होता, तो वाढवून देईल की नाही ते बघू, असं दादा म्हणाले. परवान्याचीही चौकशी ते मंडल ऑफिसात करणार आहेत. हरवलेला तुकडा सापडलेला नाही. गटातले ते चार मेसेज लिहिणाऱ्यांनी स्वतःहून काढून टाकले आणि टोळीच्या मुकादमाला फोन करून दादांनी त्या पोराचं नाव विचारून घेतलं. तुकड्याबद्दल विचारलं नाही. पोराला आधी भीती वाटली, फोनवर येईना. मग कळलं की नाव चिठ्ठीवर लिहायचं आहे, तेव्हा त्याने आडनावासकट दोनदा सांगितलं. शाळेतल्या दोन्ही खोक्यांवर आता गाव, वावर, खोली, महिना आणि ‘काढणारा’ असा एक रकाना आहे. काही रक्कमही त्याला पाठवली आहे. किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

येत्या रविवारी मुलांच्या वर्गाला प्रत्येकाने आपल्या वावरातला, नाल्यातला किंवा विहिरीच्या मलब्यातला एक दगड आणावा. सोबत स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी: कुठे, केव्हा, किती खोल, कोणी काढला. धारदार गारा जाड कागदात गुंडाळून आणा. खदानीत किंवा क्रशरजवळ मुलांना एकटं पाठवू नका. आणि कापसाच्या बोंडासारखं पांढरं मऊ काही दिसलंच, तर हात न लावता तिथेच फोटो काढा आणि आम्हांला कळवा.

आपल्या सेविका ताई